अन्नपेढी आणि तिचे चालक

समाजशास्त्राच्या तासाला सरांनी जिल्ह्यातील समाजकार्यावर टिपण लिहावयास सांगितले, तेव्हा वर्गातील बहुतेकांनी राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार ही नावे घेतली. मी भुकेल्यांना अन्न पोचविणाऱ्या संस्थांचा विषय घेतला. त्याचे कारण घरातले आहे, ते आधी सांगून टाकतो.

आमचे बिऱ्हाड नागापूरला. सीनेचा पूल ओलांडून मनमाड रस्त्याने पुढे आले की एम.आय.डी.सी. लागते. वडील तेथे ठेकेदाराकडे रोजंदारीवर होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि रोज बंद झाला. आमचे रेशनकार्ड पाथर्डीकडच्या गावी, त्यामुळे येथल्या दुकानात धान्य मिळेना. शेजारच्या खोल्यांतील बिहारी मुलांची स्थिती आमच्याहून वाईट. अशात एके दिवशी शिध्याच्या पिशव्या घेऊन एक टेम्पो आला. पिशवी हातात देण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो काढला जात होता. आईने पदर तोंडावर ओढला, तर तो बाजूला करावयास सांगितले. संध्याकाळी तो फोटो गावी मामाच्या फोनवर पोचला. आई पुन्हा कोणत्याही रांगेत गेली नाही, मला पाठवू लागली. टेम्पोवाले कोण होते, हे येथे सांगण्याचे कारण नाही.

तेव्हापासून मला वाटते की, अन्न किती वाटले याच्याइतकाच ते कसे वाटले हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो संस्थेचा चालक सोडवीत असतो. म्हणून संस्थेपेक्षा चालकाकडे पाहावे.

रक्तपेढीप्रमाणे अन्नाचीही पेढी असावी, ही कल्पना अमेरिकेतली. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी काढली. तिची हकिकत अशी सांगतात की, किराणा दुकानांमागे टाकून दिलेल्या मालावर मुले पोसणाऱ्या एका बाईने त्यांना सुचविले : जास्तीचे अन्न कोणी ठेवावे आणि गरजवंताने काढून न्यावे, अशी बँकेसारखी जागा हवी. म्हणजे कल्पना घेणारीची होती. हेंगेल यांचे मोठेपण ती ऐकून घेण्यात आहे.

आपल्या शेजारच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘रोटी बँक’ सुरू केली. सभासदाने रोज घरून दोन पोळ्या व भाजी आणून द्यावी, आणि ज्याला हवे त्याने घेऊन जावे, इतकाच नियम. यात मला एक गोष्ट मोलाची वाटते. घरोघरच्या दोन पोळ्या एकत्र झाल्यावर देणारा एकटा असा कोणी उरतच नाही. घेणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे हे कळत नाही, आणि ते बरेच आहे.

पुण्यात याहून वेगळा विचार झाला. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र उघडले. ओझी वाहणाऱ्या माणसाला पोटभर आणि स्वच्छ जेवण परवडणाऱ्या दरात मिळावे, हा उद्देश. ना नफा ना तोटा या तत्त्वावर अन्न विकले जाते. फुकट काही नाही. पैसे मोजणारा हमाल भाजी आळणी झाली तर तक्रार करू शकतो. फुकट जेवणाऱ्याने तक्रार केली तर लोक त्यालाच नावे ठेवतात. माझ्या आईला ‘कष्टाची भाकर’ पटली असती. (१९९५ मध्ये शासनाने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली होती. योजना टिकली नाही, आणि पुष्कळ टपऱ्यांवर पुढे भलतेच पदार्थ विकले जाऊ लागले. २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली, टाळेबंदीत ती पाच रुपयांना झाली. सरकारी योजनेला अधिकारी पुष्कळ असतात, चालक नसतो, असे माझे मत आहे.)

परंतु खिशात पाच रुपयेही नसतील तर? टाळेबंदीत नगरमध्ये शीख-पंजाबी समाजातील कार्यकर्त्यांनी पोलिसांच्या सहकार्याने ‘घर घर लंगर सेवा’ चालविली. हरजितसिंग वधवा हे त्यांतले पुढचे नाव. लंगराची मूळ रीत अशी की, देणारा आणि घेणारा एकाच पंगतीत बसतात. टाळेबंदीत पंगत बसणे शक्य नव्हते, म्हणून लंगरच पाकिटांतून लोकांपर्यंत गेला.

आणि जो मागूच शकत नाही, त्याचे काय? या प्रश्नाशी माझे टिपण अडले, आणि उत्तर आमच्याच मनमाड रस्त्याच्या बाजूला निघाले. नगर तालुक्यातील शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे हे डॉक्टर दांपत्य ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ चालविते. संस्था १९९८ ची. रस्त्याने जाताना डॉ. राजेंद्र यांना एक मनोरुग्ण तरुण घाण खाताना दिसला. त्यांनी आपले अन्न त्याला दिले. पुढे पतिपत्नी घरी स्वयंपाक करून रस्त्याकडेच्या निराधार मनोरुग्णांना रोज जेवण नेऊन देऊ लागले. हा क्रम काही वर्षे चालला. जेवणारी माणसे पन्नासच्या घरात गेली.

येथे रांग नाही, कूपन नाही, आभारही नाहीत. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, तो धन्यवाद कसे म्हणणार? देणाऱ्याची परीक्षा पाहावयाची तर ती येथे.

पण दोघांचे काम एवढ्यावर थांबले नाही, आणि मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट हीच आहे. डबा देऊन आपण घरी येतो, ती बाई मात्र रात्री रस्त्यावरच राहते. वेड लागलेल्या बाईला भुकेपेक्षा माणसांचे भय अधिक असते. रस्त्यावरच्या एका तरुणीला ते आपल्याबरोबर घेऊन आले, आणि पुढे वडिलांनी दिलेल्या जागेवर निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर उभे राहिले. आज तेथे शेकडो स्त्रिया आणि काहींची मुलेही राहतात. अत्याचारातून गरोदर राहिलेल्या स्त्रियांची बाळंतपणे तेथे झाली. ती मुले आता शाळेत जातात.

म्हणजे सुरुवात डब्यापासून झाली. डबा पुरेसा नाही हे धामणे दांपत्याला कळले, कारण तो ते स्वतः नेऊन देत होते. टेम्पोतून पिशवी देऊन पुढच्या वस्तीकडे जाणाऱ्याला ते कळण्यास वेळच नसतो. टेम्पोवाल्यांवर माझा राग आहे म्हणून असे लिहितो, असे सर म्हणतील. असेल, परंतु रोज त्याच माणसापाशी जाणारा आणि एकदाच येणारा, यांच्या दृष्टीत फरक पडतो एवढे तरी मान्य व्हावे.

हे टिपण पूर्ण झाल्यावर मी आईला वाचून दाखविले. फोटोचा भाग आला तेव्हा ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, “त्यांची डाळ चांगली व्हती, आठ दिस पुरली. ते बी लिही.”

म्हणून लिहितो. डाळ चांगली होती.