तंबाखूचे व्यसन आणि प्राथमिक शिक्षक

हायस्कुलातील एखादा विद्यार्थी तंबाखू खाताना आढळला की, त्याचा दोष सामान्यतः वाईट संगतीस दिला जातो. परंतु व्यसनाचे मूळ पुष्कळदा त्याआधीच रुजलेले असते. २०१९ साली भारतात १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय पाहणी झाली. तीत शेकडा ८.५ विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसून आले. खाण्याची अथवा दातांस लावण्याची तंबाखू ज्यांनी वापरून पाहिली होती, त्यांतील सुमारे निम्म्यांनी तिचा आरंभ वयाच्या दहा वर्षांच्या आतच केला होता. या वयाचे मूल प्राथमिक शाळेत असते. म्हणून या प्रश्नाचा प्रथम विचार प्राथमिक शिक्षकाने केला पाहिजे.

खेड्यातील मुलास तंबाखूची ओळख बहुधा घरीच होते. तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री दात घासण्याची वस्तू मानली जाते आणि आईचे पाहून मुलगीही ती लावू लागते. वडील माणसे तंबाखूची पुडी आणण्यास मुलालाच दुकानी धाडतात. तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य वाढत्या वयाच्या मेंदूस लवकर अंकित करते. ते वेळेवर न मिळाल्यास मूल चिडचिडे होते व त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही. गुटख्यातील सुपारीमुळे तोंडाची आतील त्वचा ताठर होते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडणे कठीण होते. पुढे यातूनच कर्करोगही उद्भवू शकतो.

शिक्षकाने पुढील गोष्टी कराव्यात :

(१) आरोग्याच्या तासास प्रत्येक मुलास स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहण्यास सांगावे. ज्यास हे जमत नाही, त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

(२) गणिताच्या तासास हिशेब घालावा : पाच रुपयांची एक पुडी रोज घेतल्यास वर्षात १,८२५ रुपये खर्च होतात. तेवढ्यात कोणत्या वह्या-पुस्तके येतील, हे मुलांनीच मांडावे.

(३) शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास व अठरा वर्षांखालील मुलास ती देण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ही माहिती पालकसभेत द्यावी व दुकानदारास प्रथम समजावून सांगावी.

(४) व्यसन लागलेल्या मुलास वर्गासमोर लाजवू नये, मारू नये. असे मूल शाळाच सोडते, व्यसन मात्र सोडत नाही. त्यास एकांतात विचारावे व पालकांस विश्वासात घ्यावे.

यांहून महत्त्वाची गोष्ट एकच. ज्या गुरुजींच्या खिशात तंबाखूची डबी आहे, त्यांचा पाठ मुले ऐकतात. पण अनुकरण डबीचे करतात. म्हणून या पाठाची पूर्वतयारी शिक्षकाने स्वतःपासूनच करावी.