पतपेढी : शेजाऱ्याचा पैसा, शेजाऱ्याचा भरवसा

पतपेढी म्हटली की पासबुक, हप्ता आणि जामीनदाराची सही आपल्याला आठवते. पण ‘पत’ म्हणजे भरवसा. तो खेड्यांत कसा उभा राहिला, हे आज आपण पाहू या.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मनीत पीक बुडाले व उपासमार झाली. वायरबुश येथील महापौर फ्रिडरिख रायफायझन यांनी सधन लोकांकडून पैसा जमवून गरिबांना उधारीवर पाव दिला. पुढे १८५४ साली हेडेसडोर्फला त्यांनी मदतमंडळ काढले. तेही श्रीमंतांच्या आधारावर चाले. काही वर्षांत त्यांचा उत्साह ओसरला. तेव्हा १८६४ मध्ये रायफायझन यांनी नियमच बदलला : ज्याला कर्ज हवे, त्याने स्वतः सभासद व्हावे. संस्था लहान क्षेत्रापुरती, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. चालक बिनपगारी. एकाने कर्ज बुडवले, तर भार सर्वांवर.

रायफायझन प्रोटेस्टंट होते; पण त्यांची वाट कॅथलिक मिशनऱ्यांनीही धरली. आजच्या झारखंडातील छोटानागपूरमध्ये आदिवासी शेतकरी कर्जापायी जमिनी गमावत होते. तेथे येशूसंघीय फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांनी १९०८ च्या कुळकायद्यासाठी साहाय्य केले. परंतु कायद्याने जमीन वाचली, तरी घरात बियाण्याला पैसा नसेल तर माणूस पुन्हा सावकाराच्याच दारात जातो. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. महायुद्धामुळे १९१५ साली या जर्मन धर्मगुरूंना भारत सोडावा लागला. संस्था मात्र चालू राहिली, कारण ती सभासदांची होती.

यातून आपण काय घ्यावे? पतपेढीतून मिळणारे कर्ज हे दान नव्हे. ती कुणा विधवेची, कुणा शेतकऱ्याची ठेव असते. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते, पतपेढीतील ठेवींना ते नसते. त्यामुळे ऐपत असून हप्ता थकवणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातला घास काढणे होय. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा येथेही लागू आहे.

या आठवड्यात घरी बोलू या :
१. आपण सभासद असलेल्या संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन हिशेब विचारतो का?
२. ओळखीखातर जामीन राहताना कर्ज कशासाठी आहे, हे आपण पाहतो का?