बंपरची मागची बाजू

सालेकसा

चि. बाळ,

कचारगडच्या यात्रेआधी जुन्या कमांडर जीपचा बंपर चकाचक करायचा तुझा बेत कळला. माघ पौर्णिमेला दरेकसा स्टेशनवरून धनेगावपर्यंत माणसं नेणारी गाडी नीटनेटकी दिसावी, हे योग्यच. पण तू रंगाची छटा निवडत बसला आहेस, आणि बंपर किती टिकणार हे ठरतं रंगाखालच्या लोखंडावर. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून त्याच्यावर मारलेला रंग महागाचा असला तरी आतून फुगतो आणि पोपडे धरतो. त्यातून हा गंज बहुधा मागून येतो. चाकांनी उडवलेला चिखल ब्रॅकेटपाशी आणि पत्र्याच्या वळलेल्या कडेत साचतो, अन् वर्षाला 1200 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात तो वाळायला वेळ घेतो. तेव्हा बंपर गाडीवर ठेवून नुसता दर्शनी भाग घासणं म्हणजे निम्मं काम सोडून देणं. बोल्टांना आदल्या रात्री तेल सोड, बंपर उतरव, दोन्ही बाजू तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पेपरने उघड्या लोखंडापर्यंत घास. खड्ड्यांत रुतलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं औषध लाव, पण नंतर ते पाण्याने नीट धुऊन लगेच कोरडं कर. उरलेल्या आम्लावर प्रायमर धरत नाही. थिनरने पुसल्यावर उघड्या हाताने शिवू नकोस. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात दे, मागच्या बाजूलाही. पुट्टी प्रायमरवर, तीही खड्ड्यापुरतीच. ती पाणी शोषते.

तू म्हणशील, एवढा वेळ कुठे आहे? वेळ हाच आहे. पौषाची कोरडी हवा या कामाला उत्तम; पावसाळ्यात घासलेलं लोखंड काही तासांत तांबूस पडतं. नुसता रेड ऑक्साइड मारून यात्रा उरकायचा मोह होईल, पण तो सच्छिद्र असतो, वर रंग नसेल तर ओल आत जाते. क्रोम करून घ्यावा, हा दुसरा विचार. क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. संरक्षण करतो तो त्याखालचा निकेल. खड्डे पडलेल्या बंपरवर आधी भराव आणि पॉलिश करावं लागतं, खर्च तिथेच होतो. शिवाय क्रोम शोभतो पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरला; जीपचा बंपर रंगवलेलाच बरा दिसतो. (पुढे कधी क्रोमचा बंपर हाती आला आणि गंज वरवरचा असला, तर ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने चोळ, पॉलिश पेपर लावू नकोस.) आणि जाड पाइपचा गार्ड वेल्ड करून गंज झाकायची कल्पना तर सोडूनच दे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, कारण धडकेत पायी चालणाऱ्याला त्याचा मार जबर बसतो. आणि यात्रेच्या रस्त्यावर बहुतेक लोक पायीच असतात.

घासताना चष्मा आणि मास्क लाव, आणि बंपर परत बसवताना जुने गंजके बोल्ट वापरू नकोस.

तुझा
मामा