आमची सुकट, त्यांची ङारी

ईशान्येकडून पुण्यात शिकायला, नोकरीला आलेली मुलं शेजारी राहत असतील तर एवढं बघा.

काय टाळावे

• 'चिंकी', 'मोमो' म्हणू नका, गमतीनेही नाही. २०२० मध्ये याच चेहऱ्यांना भर रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या; मारणाऱ्यांना तीही गंमतच वाटत होती.

• 'इंफाळ' ऐकल्यावर 'म्हणजे चीनच्या बाजूला ना?' नको. आणि 'हिंदी छान बोलता हं!' हे कौतुक तर नकोच. (लंडनमध्ये भाच्याच्या इंग्रजीचं असं कौतुक झालं, तर तासभर फोनवर धुसफुसत होता.)

• वासावरून माणूस जोखू नका. आमच्या जिन्यात सुकट भाजल्याचा वास आला की 'आज बेत दिसतोय!' तिसऱ्या मजल्यावरच्या मणिपुरी मुलींनी ङारी, म्हणजे आंबवलेली मासळी, शिजवली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'ड्रेनेज तुंबलंय का?' मीही त्याला हसण्याचा इमोजी टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिडक्या बंद. सुकटवाल्यांच्या अजून सताड उघड्या आहेत.

• 'आपल्याकडे भेदभाव नाही, मी तरी कधी पाहिला नाही.' दिसणार कसा? गेटवर वॉचमन तुम्हाला कधी थांबवतो का?

काय करावे

• नाव दोनदा विचारा, पण नीट घ्या. जिभेला दोस्तोव्हस्की जमतो, मग शेजारीणच का जमू नये?

• भाडेकरूंची ओळखपत्रं मागायची तर सगळ्यांची मागा.

• अफवा उठली तर दार वाजवा. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांपायी पुण्या-बंगळुरूतून हजारो जण गुवाहाटीच्या गाड्यांत बसून निघून गेले. 'कुठं जाताय? आम्ही आहोत ना!' एवढं म्हणायला सभा लागत नाही.

• मारहाण, शिवीगाळ झाली तर पोलीस चौकीत सोबत जा. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात केसांवरून केलेल्या टिंगलीतून भांडण झालं आणि मारहाणीनंतर अरुणाचलचा विद्यार्थी नीडो तानिया दगावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजीविरुद्ध कायद्यात स्वतंत्र कलम सुचवलं. तक्रारदार अनुसूचित जमातीची असेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो, याची आठवण करून द्या. चौकीत बोलायला सुरुवात तिलाच करू द्या. 'जाऊ द्या हो, पोरं आहेत' असं कुणी म्हणालं, की मग तुमचं मराठी काढा.