वर्धेच्या अलीकडे, पलीकडे

मी झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला राहतो आणि तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. वणीकडे शिकवतो ते महाविद्यालय संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचं. वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याकडचं गोंडवाना विद्यापीठाचं. यूजीसीच्या 2018च्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. आमच्या वाट्याला त्यातला तुकडा येतो. घेतल्या तासाचेच पैसे. दिवाळी आणि उन्हाळा कोरडा. एका नेमणुकीत घर चालत नाही, म्हणून दोन्हीकडे शिकवतो. या वाटेला नव्याने लागणाऱ्यांसाठी लिहितोय.

1. दुसरीकडेही शिकवता, हे दोन्ही प्राचार्यांना पहिल्याच दिवशी लेखी कळवा. आणि एका दिवशी एकच गाव घ्या. मधला रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. वर्धा फुगली की पाटाळ्याचा पूलच बंद होतो. अशा दिवसाचा तास पुढे कधी भरून काढणार, तेही आधीच ठरवून ठेवा.

2. जुन्या नोट्स इकडून तिकडे नेऊ नका. गोंडवाना विद्यापीठ 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. त्याची अभ्यास मंडळं अमरावतीपेक्षा वेगळी, पेपरची मांडणी वेगळी. दोन वह्या ठेवाव्याच लागतात.

3. मानधनाची बिलं उच्च शिक्षणाच्या दोन सहसंचालक कार्यालयांत जातात, वणीकडची म्हणजे यवतमाळ जिल्ह्याची अमरावतीला, वरोऱ्याकडची म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याची नागपूरला. घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद स्वतःजवळ ठेवा, महिन्याच्या महिन्याला सही घ्या.

4. सगळ्यात जास्त सांगायचंय ते मुलांविषयी. आमच्या तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, येणारी कितीतरी मुलं घरातली पहिलीच पदवीला आलेली. घरी कोलामी, बाजारात मराठी, आणि पेपरात पुस्तकी मराठी. वर्गात ती बोलत नाहीत. तास संपला, बाकीचे निघून गेले, की दाराशी थांबून हळूच विचारतात, "सर, हे कसं लिवाचं?" नेमकं त्याच वेळी आपल्याला बसस्टँड गाठायचं असतं. म्हणून तासानंतरची बस धरूच नका, त्यापुढची धरा. या वेळेचं मानधन कोणी देत नाही, पण मुलांचं खरं शिकणं मी तेव्हाच होताना पाहिलं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाकं रिकामी पडतात, दोन्ही तीरांवर सारखीच. गैरहजेरीची लाल रेघ मारण्याआधी घरी फोन करा. मुलगी आईसोबत शेतात असते आणि हिवाळी परीक्षा तोंडावर आलेली असते. तिला नेमकी कोणती चार प्रकरणं वाचायची ते सांगा.

5. रिक्त पदं भरा, ही मागणी दोन्हीकडच्या संघटनांतून लावून धरा. दाराशी थांबणाऱ्या त्या मुलांना आठवडाभर तिथेच भेटणारा शिक्षक हवा आहे. मी दोन दिवसच भेटतो.