धान केंद्रावर न्यायचा की दारात विकायचा?

मळणी आटोपली की नागभीड-सिंदेवाहीपासून कुरखेडा-कोरचीपर्यंत घरोघरी हाच हिशेब सुरू होतो. व्यापाऱ्याची गाडी दारात येते आणि पैसे रोख मिळतात. सरकारी खरेदी केंद्रावर भाव जास्त, पण काटा कधी होईल आणि चुकारे कधी येतील, याची वाट पाहावी लागते. तेव्हा आधी आकडे मांडा, मग पोती शिवा.

भाव किती?
2025-26 साठी धानाचा हमीभाव साधारण प्रतीला क्विंटलमागे 2,369 रुपये आणि ‘अ’ प्रतीला 2,389 रुपये आहे. दोन्हींत फरक फक्त 20 रुपयांचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेल्या एचएमटीसारख्या बारीक धानाला म्हणूनच केंद्राचा फारसा उपयोग नाही. त्याचा भाव आधी बाजारात विचारा. केंद्राचा खरा आधार आहे तो ठोकळ धानाला.

उदाहरण : 2 हेक्टर, 60 क्विंटल
समजा, धान साधारण प्रतीचा आहे आणि व्यापारी क्विंटलला 2,200 रुपये देतो.

- केंद्रावर : 1,42,140 रुपये
- दारात : 1,32,000 रुपये
- फरक : 10,140 रुपये, म्हणजे क्विंटलमागे 169

ट्रॅक्टरचे भाडे, हमाली आणि हेलपाट्यांत बुडालेली मजुरी या 169 रुपयांतूनच भागवायची आहे. खर्च त्याच्या आत बसला तर केंद्र परवडते. रस्ता लांबचा आणि धान थोडा असेल, तर शेजाऱ्यांसोबत एकच गाडी करा.

गळती कुठे होते?
ओलावा 17 टक्क्यांपर्यंतच चालतो. 20 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल धान 17 टक्क्यांवर आणला, की 96 किलोच्या आसपास भरतो. ही घट धरूनच व्यापाऱ्याच्या ओल्या धानाच्या भावाशी तुलना करा.

दुसरी गळती काट्यावरची. 40 किलोच्या कट्ट्यामागे एक किलो धान जादा घेतला, तर 60 क्विंटलच्या 150 कट्ट्यांत सुमारे 3,550 रुपये जातात. बारदान्याचे वजन वेगळे धरले जाते. त्यापलीकडे कपात होत असेल तर कारण विचारा. धान वाळवून, उफणून न्या, म्हणजे कपातीला निमित्त उरत नाही. काटा होताना हजर राहा आणि पावतीवरचे वजन तिथेच वाचून घ्या.

बोनस : विक्रीवर नव्हे, नोंदणीवर
पूर्वी हमीभावावरचा राज्य सरकारचा बोनस क्विंटलवर मिळे. 2020-21 मध्ये तो 50 क्विंटलपर्यंत 700 रुपये होता. 2021-22 मध्ये मिळालाच नाही. 2022-23 पासून तो क्षेत्रावर आला : आधी हेक्टरी 15,000, पुढे 2023-24 आणि 2024-25 मध्ये 20,000 रुपये, मर्यादा 2 हेक्टर. म्हणजे जास्तीत जास्त 40,000.

वरच्या उदाहरणात हा बोनस क्विंटलमागे सुमारे 667 रुपये पडतो. पावसाने दगा दिला आणि 30 क्विंटलच धान झाला, तर 1,333. कोरडवाहू बांधीवाल्याला ही पद्धत जास्त मानवते.

2023-24 मध्ये नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने केंद्रावर धान विकला असो वा नसो, बोनसला तो पात्र होता. म्हणून एचएमटी बाजारात विकणार असाल तरी नोंदणी चुकवू नका. मात्र बोनस दरवर्षी नव्याने जाहीर होतो. त्या हंगामाचा शासन निर्णय पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर उधारी करू नका.

नोंदणीला काय न्याल?

- चालू सातबारा आणि आठ-अ; वनहक्काची जमीन असेल तर पट्ट्याची प्रत
- ई-पीक पाहणीत धानाची नोंद
- आधार, बँक पासबुक, मोबाइल
- सामायिक सातबारा असल्यास इतरांचे संमतीपत्र

आदिवासी भागात खरेदी आदिवासी विकास महामंडळ करते, तीही बहुधा गावच्या आदिवासी सहकारी संस्थेमार्फत. इतरत्र मार्केटिंग फेडरेशनची केंद्रे असतात. आपले गाव कोणत्या केंद्राला जोडले आहे, ते धान कापणीला येण्याआधीच विचारून घ्या.

पैसे थेट बँकेत येतात. तेव्हा नोंदणीआधी एकदा बँकेत जाऊन खाते चालू आहे ना आणि आधारशी जोडलेले आहे ना, एवढे पाहा. बंद खात्यामुळे अडकलेल्या चुकाऱ्यासाठी पुन्हा तालुक्याला खेटे घालायचे, तर त्याचे भाडेही त्या 169 रुपयांतूनच जाते.