अन्न आणि प्रीती
वाचन : रोमकरांस पत्र 14:1-21

बंगळुरूत भाड्याने घर शोधताना ‘फक्त शाकाहारी’ ही अट पुष्कळदा ऐकावी लागते. मन दुखावते. म्हणून शाकाहाराचाच तिरस्कार करावा काय?

त्याच शहरात 1924 पासून चालत आलेल्या मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये शाकाहारी अन्नच सर्वधर्मीयांना एकत्र बसविते. दोष अन्नाचा नव्हे, अंतःकरणाचा आहे.

दानीएलाने शाकान्न घेऊन देवाशी निष्ठा राखली. नोहाला मांसाचीही मोकळीक मिळाली. पौल दोघांनाही एकमेकांचा न्याय करण्यापासून आवरतो आणि बंधूसाठी स्वतःची मोकळीक सोडण्यास शिकवितो.

मननासाठी : आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात शाकाहारी बंधुभगिनींसाठी वेगळे पातेले व वेगळा डाव असतो काय? की तेही दाराबाहेरच राहतात?